जमिनीखालील नळांची कल्हई

शहराच्या रस्त्याखालून वाहणाऱ्या पावसाळी गटाराचें नशीब मोठें विलक्षण आहे. जोंपर्यंत तें आपलें काम नीट करीत असतें, तोंपर्यंत त्याची कोणासच आठवण होत नाहीं. आणि ज्या दिवशीं आठवण होते, त्या दिवशीं बहुधा रस्ता खचलेला असतो. पिण्याच्या पाण्याचा नळ फुटला कीं घरोघर आरडाओरड होते; वीज गेली कीं पांच मिनिटांत कचेरींतला फोन खणखणूं लागतो. पावसाळी गटाराला भेग पडली तर मात्र तक्रार करणारा कोणी नसतो. वर्षांतले आठ महिने तें जवळजवळ कोरडें असतें, आणि उरलेल्या चार महिन्यांत तें इतकें भरून वाहतें कीं आंत डोकावण्याची सोय नसते. अशा या मुक्या वस्तूचीं दुखणीं कशीं ओळखावीं, आणि रस्ता न उकरतां तीं कशीं बरीं करावीं, याचें शास्त्र गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत चांगलेंच वाढलें आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या उद्योगभूमीच्या दृष्टीनें त्या शास्त्राचा विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम ही भूमि कशी आहे तें पाहूं. दक्षिणेस मुळा, मधून पवना, उत्तरेस इंद्रायणी आणि चाकणच्याहि पलीकडे भामा, अशा नद्यांच्या दरम्यानचा हा टापू आहे. आणि या सर्व नद्यांचें पाणी अखेर भीमेलाच मिळतें. पूर्वीं येथें जोंधळ्या-बाजरीचीं शेतें होतीं. पाऊस पडला कीं त्यांतला बराचसा जमिनींत मुरे, आणि उरलेला ओढ्यांनीं सावकाश नदीकडे जाई. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि त्यानंतर कारखान्यांची रीघ लागली. १९७० सालीं येथें नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजाराकरितां प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या माळावर २००९ सालीं फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. शेतांच्या जागीं पत्र्याचीं छपरें, डांबरी रस्ते आणि काँक्रीटचीं आवारें आलीं.

याचा परिणाम काय होतो, हें साध्या गुणाकारानें कळण्याजोगें आहे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर तासाभरांत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झालें ५०० घनमीटर, म्हणजे पांच लाख लिटर. माती असतां त्यांतलें बरेंचसें मुरलें असतें. छपरावरून आणि काँक्रीटवरून तें जवळजवळ सर्वच्या सर्व, आणि तेंहि ताबडतोब, गटाराकडे धांवतें. ६०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीटचा नळ तीनशेंत एक या उतारानें घातला असेल, तर तो पूर्ण भरून वाहतांना तासाला सुमारें पावणेतेरा लाख लिटर पाणी नेतो. म्हणजे असा एक नळ जेमतेम अडीच हेक्टर आवाराला पुरतो. यावरून प्रत्येक नळाचें मोल काय आहे, आणि त्यांतला एखादा बसला तर पाणी कोणाच्या दारांत उभें राहील, याची कल्पना यावी.

हे नळ बहुतेक ठिकाणीं ज्यांना ह्यूम पाईप म्हणतात त्या जातीचे असतात. सांचा वेगानें फिरवून काँक्रीटचे नळ ओतण्याची युक्ति १९१० च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत वॉल्टर ह्यूम यानें काढली. आणि १९२६ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढून ती हिंदुस्थानांत रुजविली. आज हे नळ भारतीय मानक ४५८ प्रमाणें होतात. त्यांत एनपी-२, एनपी-३ आणि एनपी-४ असे वर्ग आहेत. हलक्या रहदारीखालीं पहिला, मध्यम रहदारीखालीं दुसरा आणि जड रहदारीखालीं तिसरा, असा त्यांचा सामान्य क्रम आहे. आतां ज्या रस्त्यावरून एके काळीं बैलगाड्या आणि थोड्या मालमोटारी जात, त्याच रस्त्यावरून रात्रंदिवस अजस्र कंटेनर जाऊं लागले, तर खालच्या हलक्या नळाची काय गत होईल, हें सांगावयास नको. नळ बदललेला नसतो; त्याच्या डोक्यावरचें ओझें मात्र बदललेलें असतें.

भार हें एक कारण झालें. दुसरें कारण सांध्याचें. हे नळ साधारणपणें अडीच मीटर लांबीचे असतात. तेव्हां शंभर मीटरच्या ओळींत चाळीस तुकडे आणि जवळजवळ तितकेच सांधे येतात. काळी जमीन उन्हाळ्यांत आक्रसते आणि पावसाळ्यांत फुगते. त्या ओढाताणींत सांधे उघडतात. तिसरें कारण झाडांच्या मुळांचें. ज्या गांवाच्या नांवांतच चिंच आणि वड एकत्र आले आहेत, तेथें मुळांचा पराक्रम निराळा वर्णावयास नको. केसाएवढ्या फटींतून शिरलेलें मूळ आंतल्या ओलाव्यावर पोसतें आणि फट रुंदावत नेतें. चौथें कारण माणसाचें आहे. पावसाळी गटार केवळ पावसाच्या पाण्याकरितां असतें. तथापि त्यांत कोठें मैल्याचें पाणी, तर कोठें कारखान्याचें आम्लयुक्त सांडपाणी चोरून सोडलें जातें. तें आंतल्या काँक्रीटला खातें, आणि खालची लोखंडी सळई उघडी पडून गंजूं लागते.

भेग पडली म्हणजे नळ लगेच कोसळतो असें नाहीं. आणि खरा धोका याच गोष्टींत आहे. पावसाळ्यांत भोंवतालचें पाणी भेगेंतून नळांत शिरतें आणि येतांना बारीक माती घेऊन येतें. ती माती वाहून जाते आणि नळाच्या बाहेर मुठीएवढी पोकळी राहते. पुढच्या पावसांत ती घागरीएवढी होते, त्याच्या पुढच्या पावसांत खोलीएवढी होते. वर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर मात्र शाबूत दिसतो, कारण तो थोडा काळ पुलासारखा अधांतरीं उभा राहूं शकतो. मग एके दिवशीं एखादें जड वाहन त्यावर येतें. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेनें चाकणच्या किल्ल्याला जवळजवळ दोन महिने वेढा घातला होता. फिरंगोजी नरसाळ्यांनीं लढविलेला तो कोट वरून मारा करून पडेना. अखेर बुरुजाखालीं भुयार खणून आणि त्यांत सुरुंग पेरून तो उडवावा लागला. भुईच्या पोटांतली पोकळी वरच्या भक्कम बांधकामाचें काय करते, हें चाकणकरांना साडेतीनशें वर्षांपूर्वींच कळलेलें आहे. अलीकडचें उदाहरण पाहिजे असेल तर २० सप्टेंबर २०२४ रोजीं पुण्याच्या बुधवार पेठेंत, सिटी पोस्टाच्या आवारांत, महानगरपालिकेची एक मोठी मोटार फरसबंदीसह जमिनींत गडप झाली. सुदैवानें चालक बचावला. तेथें फुटका नळ कारण नव्हता. जुनी विहीर होती असें सांगण्यांत आलें. परंतु पृष्ठभाग साबूत दिसतो एवढ्यावरून खालचा आधार शाबूत आहे असें मानूं नये, हा धडा दोन्हींकडे एकच.

या दुखण्यावर जुना उपाय म्हणजे खोदणें. तो अजूनहि पुष्कळ ठिकाणीं अपरिहार्य आहे. तथापि या भागांत तो किती अवघड आहे तें लक्षांत घेतलें पाहिजे. येथें वर हातभर माती, मग मुरूम आणि लगेच काळा कातळ, अशी जमीन जागोजाग लागते. तो फोडावयाचा म्हणजे ब्रेकरची धडधड आली. त्याच रस्त्याखालीं पिण्याच्या पाण्याचे नळ, गॅसचे नळ, विजेच्या आणि दूरध्वनीच्या केबली एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांतली एखादी तुटली तर एका दुरुस्तींतून दुसरी निघते. भोसरीहून मोशीवरून चाकणकडे जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर एक बाजू अडविली, तर पाळीला निघालेल्या कामगारांच्या बसगाड्या आणि मालमोटारी तासन् तास खोळंबतात. खोल चर आधाराशिवाय खणला तर त्याच्या भिंती ढासळून आंतला मजूर गाडला जाण्याचें भय असतें. आणि एवढें सारें करून चर बुजविला, तरी भरलेली माती पुढच्या पावसांत बसते आणि त्याच जागीं पुन्हां खळगा पडतो.

याकरितांच न खोदतां दुरुस्ती करण्याच्या पद्धति निघाल्या. त्यांचें पहिलें पाऊल म्हणजे पाहणें. माणसानें आंत उतरून नव्हे, तर चाकांवर चालणाऱ्या छोट्या यंत्रावर दिवा आणि कॅमेरा बसवून. एका चेंबरमधून तें यंत्र नळांत सोडतात; तें केबल ओढीत पुढें सरकतें आणि बाहेर गाडींत बसलेल्या माणसाला आंतलें चित्र दाखवितें. अमुक चेंबरपासून इतक्या मीटरवर माथ्याला उभी भेग, तितक्या मीटरवर सांधा सरकलेला, पुढें मुळांचें जाळें, अशी प्रत्येक दोषाची जागा लिहून ठेवतात. पेशव्यांच्या काळीं, अठराव्या शतकाच्या मध्यांत, कात्रजच्या तलावाचें पाणी शनिवारवाड्याकडे आणणारा जो चुन्याविटांचा भूमिगत नळ बांधला गेला, त्यावर ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि नळाची देखरेखहि करतां येई. बांधतांनाच पुढच्या देखरेखीची सोय करावी, हें त्या कारागिरांना उमगलें होतें. आजचीं चेंबरें म्हणजे तेच उच्छ्वास होत. दुर्दैव एवढेंच कीं त्यांतलीं कित्येक रस्त्याच्या नव्या थराखालीं बुजून जातात आणि मग शोधूनहि सांपडत नाहींत.

पाहणीनंतर उपचार. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध उपचार समजण्यास आपल्या घरांतली कल्हई आठवावी. तांब्यापितळेच्या भांड्याची आंतली कल्हई गेली, त्यांतलें अन्न कळकूं लागलें, म्हणजे भांडें कोणी टाकून देत नसे. कल्हईवाला तें तापवून, नवसागर टाकून, आंतून कथलाचा हात फिरवी. भांडें तेंच राही, पण त्याचें अंतरंग नवें होई. १९७१ सालीं लंडनच्या हॅकनी भागांत एरिक वुड नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें विटांच्या एका जुन्या, अंडाकृति गटाराला अशाच प्रकारें आंतून अस्तर लावलें. सुमारें ७० मीटर लांबीचें तें काम होतें. त्यानें बुरणुसासारख्या जाड कापडाची लांब नळी शिवली, ती पातळ कृत्रिम राळेंत भिजविली, गटाराच्या आंत घातली आणि फुगवून भिंतीला चिकटविली. राळ घट्ट झाली तेव्हां जुन्या गटाराच्या पोटांत एक नवा, बिनसांध्याचा नळ तयार झाला.

पुढें या पद्धतींत पुष्कळ सुधारणा झाल्या. आज तिचा क्रम सामान्यतः असा असतो. वरच्या बाजूचें पाणी अडवून पंपानें दुसरीकडे वळवावयाचें. दाबाच्या पाण्यानें नळ धुवून गाळ काढावयाचा आणि यंत्राच्या करवतीनें मुळें कापावयाचीं. मग राळेंत भिजविलेली नळी, ती वाटेंत घट्ट होऊं नये म्हणून थंड ठेवून, जागेवर आणावयाची. पायमोजा उलटा करतांना जसा आंतला भाग बाहेर येतो, तशी ही नळी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबानें उलटत उलटत पुढें सरकते, आणि तिची राळ लावलेली बाजू जुन्या भिंतीला जाऊन टेंकते. नंतर गरम पाणी किंवा वाफ खेळवून ती पक्की करतात. कांहीं प्रकारांत कापडाच्या जागीं कांचतंतू वापरतात आणि अतिनील किरणांचे दिवे आंतून फिरवून राळ घट्ट करतात. शेवटीं बाजूच्या शाखा जेथें झांकल्या गेल्या असतील तेथें यंत्रानें भोकें पाडून त्या उघडतात, आणि पुन्हां कॅमेरा फिरवून काम तपासतात. एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंतचें हें काम बहुधा एक-दोन दिवसांत उरकतें. रस्त्याला कुदळ लागत नाहीं. दिल्ली जल बोर्डानें आपल्या जुन्या मोठ्या मैलावाहिन्यांवर हीच पद्धत वापरली आहे. मात्र कल्हईची उपमा येथें संपते. कल्हई भार घेत नाहीं. हें अस्तर योग्य जाडीचें केलें तर मातीचा आणि रहदारीचा भार स्वतः पेलूं शकतें, आणि साधारणपणें पन्नास वर्षांचें आयुष्य धरून त्याची आंखणी करतात.

येथें एक शंका कोणासहि सहज येईल. आंतून अस्तर लावलें म्हणजे नळ अरुंद झाला. मग पाणी कमी नाहीं का वाहणार? ६०० मिलिमीटरच्या नळांत १२ मिलिमीटर जाडीचें अस्तर घातलें तर व्यास ५७६ उरतो. केवळ आकाराकडे पाहिलें तर वहनशक्ति दहा टक्क्यांनीं घटावयास पाहिजे. पण नवें अस्तर जुन्या काँक्रीटपेक्षां गुळगुळीत असतें, त्याला सांधे नसतात, आणि पाण्याला होणारा अडथळा कमी होतो. तो हिशेब धरला म्हणजे वहनशक्ति घटण्याऐवजीं पांचसहा टक्के वाढल्याचें गणितानें निघतें. मात्र दुसरी एक पद्धत आहे, तींत जुन्या नळांत लहान व्यासाचा तयार प्लास्टिकचा नळ ढकलतात आणि मधली जागा सिमेंटच्या पातळ मिश्रणानें भरतात. ती सोपी आहे. परंतु ६०० च्या नळांत आंतून ५०० चा नळ बसविला तर गुळगुळीतपणा धरूनहि वहनशक्ति चौथ्या हिश्शाहून अधिक कमी होते. अडीच हेक्टरांचें पाणी नेणारा नळ मग दोन हेक्टरांनाहि पुरत नाहीं. तेव्हां जेथें नळ मुळांतच मोठा घातला असेल, तेथेंच ही पद्धत शोभते.

आणखीहि प्रकार आहेत. ऑस्ट्रेलियांत निघालेल्या एका पद्धतींत प्लास्टिकची खांचेदार पट्टी चेंबरमधील यंत्रानें नळांत गुंडाळीत नेतात आणि तिच्या वेढ्यांचाच नवा नळ बनतो. एकदोनच सांधे गळत असतील, तर सबंध ओळीला अस्तर घालण्याचें कारण नाहीं. राळेची आंखूड पट्टी फुगवून तेवढ्याच जागीं चिकटवितां येते. मुंबईंत जुन्या शहरभागांत शंभर वर्षांहून जुनीं, विटांच्या कमानींचीं मोठीं पावसाळी गटारें आहेत. अशा मोठ्या पोटाच्या गटारांना आंतून मजबूत सिमेंटसारखा लेप फवारण्याच्या किंवा तयार कवचें बसविण्याच्या पद्धति योग्य ठरतात. आणि नळ फारच मोडकळीस आला असेल, तर त्याच्या आंतून लोखंडी शंकु ओढीत नेऊन तो फोडावयाचा, तुकडे बाहेरच्या मातींत दाबावयाचे आणि शंकूच्या मागें नवा नळ ओढून आणावयाचा, अशीहि युक्ति आहे. ती १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत गॅसच्या बिडाच्या नळांकरितां निघाली. ठिसूळ नळांना ती चांगली मानवते. सळई घातलेले ह्यूम पाईप मात्र सहजासहजीं फुटत नाहींत. शिवाय कातळांत कोरलेल्या अरुंद चरांत फुटलेल्या तुकड्यांना सरकावयास जागाच नसते. तेव्हां चाकण-भोसरीच्या खडकाळ जमिनींत ही युक्ति योजण्यापूर्वीं दहादां विचार करावा लागेल.

औषध कितीहि चांगलें असलें तरी त्याची मर्यादा ओळखल्याशिवाय तें घेऊं नये. न खोदतां केलेल्या दुरुस्तीलाहि मर्यादा आहेत. नळ भेगाळला असेल, सांधे उघडले असतील, आंतला थर झिजला असेल, तोंपर्यंत अस्तर उपयोगी पडतें. नळ पूर्ण चेंगरून आंतली वाटच बंद झाली, तर नळी जाणार कोठून? तेथें निदान तेवढ्या जागीं खोदलेंच पाहिजे. नळाची ओळ मध्येंच खचून तिला पोट आलें असेल, तर अस्तर त्या पोटाच्याच वळणानें बसेल आणि पाणी पूर्वींप्रमाणेंच तेथें सांचेल. नळाच्या बाहेर जी पोकळी झाली आहे, ती अस्तरानें भरून येत नाहीं. ती निराळी शोधून, सिमेंटचें मिश्रण दाबानें सोडून बुजवावी लागते. आणि दुरुस्ती म्हणजे वाढ नव्हे, हेंहि विसरूं नये. मुंबईचीं जुनीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तीं गटारें भेगाळलीं होतीं म्हणून नव्हे, तर अपुरीं होतीं म्हणून हरलीं. पुढें ५० मिलिमीटरचा हिशेब धरून तेथें मोठीं कामें हातीं घेण्यांत आलीं. जो नळ मुळांतच अपुरा आहे त्याला आंतून चकाकी आणून काय उपयोग?

एका गोष्टीकडे पावसाळी गटारांच्या बाबतींत विशेष लक्ष दिलें पाहिजे. मैलावाहिनीचें पाणी शुद्धीकरण केंद्रांत जातें. पावसाळी गटाराचें पाणी थेट नदींत जातें. अस्तराच्या राळेंत पुष्कळदां स्टायरीन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य असतें. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत वाहतूक-संशोधन विभागानें केलेली एक पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. अशी राळ वापरून अस्तर घातलेल्या कांहीं मोऱ्यांच्या खालच्या अंगाच्या पाण्यांत स्टायरीन सांपडल्याचें तींत नमूद आहे. पवना आणि इंद्रायणी यांच्या पाण्यावर आधींच काय भार आहे, हें कोणास सांगावयास नको. आळंदीजवळ इंद्रायणीवर पसरलेला फेस अलीकडच्या वर्षांत वारकऱ्यांनीं वारंवार पाहिला आहे. तेव्हां राळ घट्ट करण्याकरितां वापरलेलें पाणी आणि वाफेचें थिजलेलें पाणी टांकींत गोळा करून शुद्धीकरणास नेलें पाहिजे, किंवा स्टायरीनविरहित राळ वापरली पाहिजे. आणि ही अट कामाच्या करारांतच लिहिली पाहिजे. गटार वांचविण्याकरितां नदी नासविणें हा सौदा कोणत्याहि शहाण्या माणसाला पटणार नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या देशांत गटारांच्या चेंबरांत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या अद्यापि थांबलेल्या नाहींत. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचें प्रमाण वाढलें कीं माणसाची वास घेण्याची शक्तिच बधिर होते. आणि धोका टळला असें वाटतें त्याच क्षणीं तो सर्वांत मोठा असतो. पहिला माणूस पडला म्हणून त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोहि पडतो. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसाला मैलावाहिनींत उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा मृत्यूंबद्दल दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि २०२३ सालीं ती तीस लाखांवर नेली. कोणी म्हणेल, हें मैलावाहिनीविषयीं झालें, पावसाळी गटाराचें काय? परंतु ज्या गटारांत चोरून मैला आणि रासायनिक सांडपाणी सोडलें जातें, त्यांतला वायु गटाराच्या नांवाची पाटी वाचून वागत नाहीं. कॅमेरा, दाबाच्या पाण्याची गाडी आणि यंत्राची करवत यांचें खरें मोल येथें आहे. रस्ता वांचतो, वेळ वांचतो, हें खरेंच. पण ज्या अंधारांत आजवर गरिबाच्या घरचा कर्ता माणूस पाठविला जात असे, तेथें यंत्र पाठवितां येतें, ही या शास्त्राची सर्वांत मोठी देणगी होय. तथापि यंत्र विकत घेऊन तें आवारांत उभें ठेवावयाचें आणि घाईच्या वेळीं पुन्हां माणसालाच दोर बांधून उतरवावयाचें, असें झालें तर ती देणगी वायां गेली म्हणावयाची.

मग करावें काय? उपाय फार खर्चाचे नाहींत, नियमाचे आहेत. प्रत्येक पावसाळी गटाराचा नकाशा असावा: व्यास किती, वर्ग कोणता, कोणत्या सालीं घातलें, चेंबरें कोठें, पाणी कोणत्या ओढ्याला जातें. बुजलेलीं चेंबरें उकरून रस्त्याच्या पातळीला आणावींत. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून पुढें, कोरड्या दिवसांत आळीपाळीनें प्रत्येक ओळींत कॅमेरा फिरवावा, आणि जड रहदारीच्या रस्त्यांखालचे जुने नळ आधीं पाहावे. दोषांची प्रतवारी लावून नोंदवहींत लिहावी. जेथें भेग आहे तेथें येत्या उन्हाळ्यांतच अस्तर लावावें, जेथें नुसता गाळ आहे तेथें तो काढावा, आणि जेथें नळ अपुरा आहे तेथें मोठा घालण्याची तजवीज करावी. कारखानदारांनींहि आपल्या आवारांतल्या गटारांकडे याच नजरेनें पाहावें, कारण आवाराबाहेरचा नळ सरकारचा असला तरी त्यांत सोडलेलें पाणी त्यांचें असतें. नागरिकांनाहि यांत काम आहे. रस्त्यावर एकाच जागीं पुन्हां पुन्हां खळगा पडतो, पाऊस ओसरल्यावर गटाराच्या तोंडाशीं ताजी लाल माती दिसते, कडेची फरसबंदी हळूहळू बसते, हीं सर्व भुईच्या पोटांतल्या दुखण्याचीं लक्षणें आहेत. खळगा खडीनें भरून घेण्याऐवजीं, खालचा नळ तपासा, अशी मागणी त्यांनीं केली पाहिजे.

न खोदतां दुरुस्त करण्याची विद्या भेगाळलेल्या नळाला नवें आयुष्य देते. कोसळलेल्या नळाला ती देऊं शकत नाहीं. भेग आणि कोसळणें यांच्यामध्यें कांहीं पावसाळ्यांचा अवधि असतो, आणि तेवढ्या अवधींत कोणीतरी आंत पाहिलें पाहिजे. ज्या शहरांत दर वर्षीं असें पाहिलें जाईल, तेथें ही विद्या स्वस्त पडेल. ज्या शहरांत रस्ता खचेपर्यंत वाट पाहिली जाईल, तेथें कुदळ, जेसीबी आणि कदाचित् शववाहिका यांनाच बोलवावें लागेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथें मोटारींचा प्रत्येक लहान भाग तपासून, मोजून आणि नोंद करूनच कारखान्याबाहेर जातो. तीच शिस्त कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या रस्त्याखालीं नेण्याची वेळ आलेली आहे.